प्राणी हलत नाही म्हणजे त्याला दुखत नाही? स्नायू लुळे करणारी औषधं प्रयोगशाळेत कशी मोजतात

मोठ्या ऑपरेशनच्या वेळी पेशंटला भूल देतात हे आपल्याला माहीत असतं. पण त्या भुलीसोबत बऱ्याचदा आणखी एक औषध दिलं जातं, ज्याचं नाव बाहेर बसलेल्या नातेवाइकांना सहसा कळतही नाही. व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, रोक्युरोनियम ही त्यातली काही नावं. या औषधांनी झोप येत नाही आणि वेदनाही थांबत नाहीत. मेंदूकडून मज्जातंतूमार्फत आलेला निरोप ती स्नायूपर्यंत पोहोचू देत नाहीत, एवढंच त्यांचं काम. स्नायू सैल पडले की सर्जनला पोटात नीट काम करता येतं आणि श्वासनलिकेत नळी घालणं सोपं जातं.

आता हा निरोप किती अडला, कधी अडला आणि कधी पुन्हा सुरू झाला हे कळणार कसं? डोस कमी पडला तर ऑपरेशन अर्धवट असताना पेशंट हलेल. औषधाचा थोडा अंमल जरी उरला आणि नळी काढली, तर त्याला श्वास घेणं जड जाईल. त्यामुळे असं कुठलंही औषध माणसाला देण्याआधी त्याचा परिणाम आकड्यात मोजावा लागतो. गेली दोनशे वर्षं हे मोजमाप बेडूक, ससे, मांजरं, उंदीर आणि कोंबडीची पिल्लं यांच्यावर होत आलं आहे.

यात एक गोष्ट फार अवघड आहे. पूर्ण लुळा पडलेला प्राणी ओरडू शकत नाही, पाय झाडू शकत नाही. त्याला दुखतंय की नाही हे बघून कळत नाही. ते कसं सांभाळतात, हेही आपण पाहणार आहोत.

आधी हा निरोप जातो कसा?

मज्जातंतू स्नायूला थेट चिकटलेला नसतो. दोघांमध्ये अतिशय बारीक फट असते. विजेचा संदेश मज्जातंतूच्या टोकाला आला की तिथल्या पिशव्यांमधून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन बाहेर पडतं, फट ओलांडतं आणि स्नायूवरच्या रिसेप्टरला जाऊन बसतं. कुलपात किल्ली बसावी तसं. कुलूप उघडलं की स्नायू आखडतो. काम झालं की एक एन्झाइम त्या ॲसिटिलकोलिनचे लगेच तुकडे करून टाकतं.

व्हेक्युरोनियमसारखी औषधं या कुलपात नुसती जाऊन बसतात. ती कुलूप उघडत नाहीत आणि खऱ्या किल्लीला आतही येऊ देत नाहीत.

हे ॲसिटिलकोलिनच आहे, हे १९३६ साली हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. डेल यांना त्याच वर्षी ऑटो लोवी यांच्यासोबत नोबेलही मिळालं. पण निरोप अडवणारं विष त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या हातात होतं.

भाता मारून जगवलेली गाढवीण

दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीसाठी बाणाच्या टोकाला एक काळपट विष लावायचे. तेच क्युरारे. बाण लागलेला प्राणी काही मिनिटांत कोसळायचा, श्वास थांबून मरायचा. गंमत म्हणजे त्याचं मांस खाऊन माणसाला काहीच व्हायचं नाही, कारण हे विष आतड्यातून रक्तात फारसं शोषलंच जात नाही.

चार्ल्स वॉटरटन नावाचा एक हौशी इंग्रज निसर्गअभ्यासक १८१२ साली हे विष शोधायला गयानाच्या जंगलात गेला आणि घेऊनही आला. १८१४ साली लंडनमध्ये एका गाढविणीच्या खांद्यात ते टोचण्यात आलं. दहाएक मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. मग तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने फुप्फुसात हवा भरायला सुरुवात झाली. दोन तास भाता चालू होता. विषाचा अंमल ओसरला आणि गाढवीण उठून चालायला लागली! तिचं नाव ठेवलं वूरालिया. ती पुढे १८३९ पर्यंत जगली.

त्याच काळात दुसऱ्या एका गाढवाच्या पायाला घट्ट पट्टी बांधून पट्टीच्या खाली विष टोचलं होतं. ते तासभर आरामात फिरत होतं. पट्टी सोडली आणि दहा मिनिटांत ते मेलं. म्हणजे विष रक्तातून पसरतं आणि जीव जातो तो श्वास थांबल्याने, एवढं कळलं. पण शरीरात विष नेमकं बसतं कुठे, हे अजून कोणालाच सांगता येत नव्हतं.

बेडकाच्या कंबरेला बांधलेला दोरा

ही जागा शोधली फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी, १८४० आणि १८५० च्या दशकांत. प्रयोग इतका साधा आहे की आजही शरीरशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो.

त्यांनी बेडकाच्या कंबरेभोवती दोरा आवळला, पण मागच्या पायांकडे जाणारे मज्जातंतू दोऱ्याच्या बाहेर ठेवले. त्यामुळे मागच्या पायांचा रक्तपुरवठा बंद झाला, पण मेंदूशी त्यांचा संपर्क चालू राहिला. मग पुढच्या भागात क्युरारे टोचलं. पुढचा अर्धा बेडूक लुळा पडला. मागच्या पायांपर्यंत विष गेलंच नव्हतं.

त्यानंतर बर्नारनी पुढच्या, लुळ्या भागाला चिमटा काढला. पुढचे पाय हलले नाहीत. पण मागचे पाय झाडले गेले.

लुळा भाग हलू शकत नव्हता, पण चिमटा त्याला जाणवला होता. जाणवल्याचा निरोप आत व्यवस्थित पोहोचला होता. उत्तर द्यायला फक्त मागचे पायच शिल्लक होते.

पुढची पायरी होती विजेच्या झटक्याची. विष दिलेल्या स्नायूच्या मज्जातंतूला झटका दिला तर काहीच होत नव्हतं, पण तोच झटका थेट स्नायूला दिला की तो आखडायचा. स्नायू ठणठणीत होता. मग मज्जातंतू बिघडला का? बर्नारनी फक्त मज्जातंतू क्युरारेच्या द्रावणात बुडवला आणि स्नायू बाहेर ठेवला, तर निरोप जात राहिला. स्नायू बुडवला तेव्हाच अडला. म्हणजे विष बसत होतं ते दोघांच्या सांध्यावर.

एकदा मज्जातंतूला झटका, एकदा थेट स्नायूला झटका आणि दोन्हींची तुलना. आजच्या कॉम्प्युटर जोडलेल्या प्रयोगातही ही तुलना करतात. ती केली नाही तर औषधाने निरोप अडवला की स्नायूच खराब केला, हे सांगता येत नाही.

सशाची मान आणि उंदराचं श्वासपटल

२३ जानेवारी १९४२ ला कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ऑपरेशनच्या वेळी भुलीसोबत क्युरारे वापरलं आणि भूलशास्त्र बदलून गेलं. औषधाचं नाव होतं इंटोकोस्ट्रिन. वनस्पतीपासून काढलेला अर्क, त्यामुळे प्रत्येक घाण्याची ताकद वेगळी असण्याची भीती. मग ती एकसारखी ठेवायची कशी?

त्या काळची पद्धत ऐकून आज नवल वाटेल. सशाच्या कानातल्या शिरेतून औषध हळूहळू सोडायचं आणि त्याची मान कधी खाली पडते ते बघायचं. ससा मान वर उचलू शकत नाही, तेवढा डोस म्हणजे माप. मानेचे स्नायू लवकर हार मानतात आणि श्वासपटल, म्हणजे श्वास घेताना छातीखाली वरखाली होणारा पडदा, सगळ्यात चिवट असतो. त्यामुळे मान पडली तरी ससा श्वास घेत राहायचा.

पण मान पडली की नाही, हे हो-नाहीचं उत्तर आहे. निरोप ४० टक्के अडला की ७०, हे त्यातून कळत नाही. शिवाय ससा पूर्ण शुद्धीत असायचा, हे वेगळं सांगायला नको.

१९४६ साली ऑक्सफर्डमध्ये काम करणाऱ्या एडिथ बुलब्रिंग यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली, जी आजही जगभर वापरली जाते. प्राणी मारल्यावर रॅट जातीच्या उंदराच्या श्वासपटलाचा एक भाग त्याच्या फ्रेनिक नावाच्या मज्जातंतूसकट बाहेर काढायचा आणि मीठ, साखर वगैरे असलेल्या द्रावणात ठेवायचा. द्रावणातून ऑक्सिजन आणि थोड्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडत राहायचे. असा तुकडा काही तास काम करत राहतो.

स्नायूचं एक टोक पक्कं बांधतात, दुसऱ्या टोकाला दोरा बांधून तो ताण मोजणाऱ्या सेन्सरला जोडतात. मज्जातंतूला दर दहा सेकंदांनी एक अगदी छोटा विजेचा झटका दिला जातो. प्रत्येक झटक्याला स्नायू एक हिसका देतो आणि स्क्रीनवर एक उभी रेघ उमटते. औषध टाकलं की रेघा बुटक्या होत जातात. आधी उंची १०० होती, आता ३० उरली, तर ७० टक्के निरोप अडला. उंची निम्मी करायला किती औषध लागतं, हा आकडा प्रत्येक औषधासाठी काढतात. म्हणजे दोन औषधांची ताकद शेजारीशेजारी ठेवून बघता येते.

आपल्याकडे ज्यांनी काही दशकांपूर्वी एमबीबीएस केलंय, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. त्यांच्या प्रॅक्टिकलला बेडकाच्या मांडीचा मज्जातंतू आणि पोटरीचा स्नायू असायचा, आणि स्क्रीनऐवजी काजळी धरलेल्या कागदाचा फिरता ड्रम. घरात एखादे डॉक्टर काका असतील तर त्यांना त्या काजळीबद्दल जरूर विचारा.

चुकतं कुठे?

वाचायला सोपं वाटतं, पण या मोजणीत फसायला भरपूर जागा आहेत.

पहिली म्हणजे झटक्याची ताकद. एका मज्जातंतूत असंख्य धागे असतात. झटका कमजोर असेल तर त्यातले काहीच जागे होतात. इलेक्ट्रोड जरा सरकला की रेघ बुटकी होते आणि आपल्याला वाटतं औषध लागू पडलं. म्हणून सगळे धागे जागे करायला जेवढा झटका पुरतो त्याहून थोडा जास्तच देतात.

तापमान ही दुसरी भानगड. प्राणी थंड पडला की औषधाचा अंमल लांबतो. भुलीखालचा उंदीर फार लवकर थंड पडतो, त्यामुळे त्याच्याखाली गरम गादी ठेवावी लागते. आयसोफ्लुरेनसारखी श्वासातून दिली जाणारी भूलही औषधाचा परिणाम वाढवते. निओमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही अँटिबायोटिक्स तर जास्त प्रमाणात स्वतःच हा निरोप अडवू शकतात.

आणि प्राण्याचा आकडा जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. रॅट उंदराला यातल्या बऱ्याच औषधांचा किलोमागे माणसापेक्षा कितीतरी जास्त डोस लागतो. मांजराचे आकडे माणसाच्या जास्त जवळ जायचे, म्हणून विसाव्या शतकात या कामासाठी मांजरं फार वापरली गेली.

मांजरांवरच १९६७ साली पेटन आणि वॉड यांनी एक महत्त्वाची गोष्ट मोजली. सांध्यावरची सुमारे ७५ टक्के कुलपं औषधाने अडवली तरी स्नायूच्या हिसक्यात काहीच फरक पडत नव्हता. हिसका पूर्ण बंद व्हायला ९० ते ९५ टक्के कुलपं अडावी लागत होती. निसर्गाने भरपूर जादा माल ठेवलाय म्हणायचा! पण याचा दुसरा अर्थ असा की, हिसका पूर्वीसारखा ताकदवान झाला म्हणून औषध शरीरातून गेलं असं समजायचं नाही. तेव्हाही तीन चतुर्थांश कुलपं अडलेली असू शकतात.

चार झटक्यांची युक्ती

यावर १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये अली, अटिंग आणि ग्रे यांनी उपाय काढला. ही युक्ती थेट माणसांवर आली आणि मग प्राण्यांच्या प्रयोगशाळांनीही उचलली. एकाऐवजी चार झटके द्यायचे, अर्ध्या अर्ध्या सेकंदाने. मग चौथ्या हिसक्याची पहिल्याशी तुलना करायची.

औषध नसेल तर चारही हिसके सारखे येतात. औषध असेल तर पहिला बरा, दुसरा कमी, तिसरा आणखी कमी, चौथा अगदीच मलूल, अशी उतरंड दिसते. डोस आणखी वाढला की आधी चौथा गायब होतो, मग तिसरा, मग दुसरा, शेवटी पहिलाही.

याचा फायदा असा की औषध देण्याआधीची रेघ हाताशी नसली तरी चालतं. ऑपरेशन थिएटरमध्ये मनगटाजवळच्या मज्जातंतूला झटके देऊन अंगठा किती हलतो ते बघतात. उंदरात मांडीतला सायॅटिक मज्जातंतू वापरतात, कुत्र्यात मागच्या पायातला. चौथा हिसका पहिल्याच्या किमान ९० टक्के झाला तरच पेशंट पुरेसा सावरला असं आज मानतात. पूर्वी ७० टक्के पुरे समजायचे. पण तेवढ्यावर गिळताना आणि घसा मोकळा ठेवताना त्रास होतो असं दिसल्यावर मर्यादा वाढली. आणि नुसत्या डोळ्यांनी किंवा बोटांनी हा फरक कळत नाही. चौथा हिसका पहिल्याच्या निम्मा असला तरी अनुभवी हाताला चारही सारखेच वाटू शकतात, त्यामुळे मशीनच लागतं.

सक्सामेथोनियम, म्हणजे आपल्याकडे ज्याला स्कोलिन म्हणतात, ते मात्र या नियमात बसत नाही. त्यात चारही हिसके एकसारखेच छोटे होतात, कारण ते कुलूप अडवून बसत नाही, उघडून तसंच धरून ठेवतं.

नाग आणि मण्यार यांत फरक कसा कळला?

आपल्या गावाकडच्या लोकांशी या सगळ्याचा थेट संबंध येतो तो सापांमुळे. नाग आणि मण्यार दोघांचंही विष हाच निरोप अडवतं, पण वेगवेगळ्या बाजूंनी. ते ओळखायला कोंबडीच्या पिल्लाच्या मानेतला एक स्नायू उपयोगी पडतो, ज्याची पद्धत १९६० पासून रूढ आहे. या स्नायूवर बाहेरून ॲसिटिलकोलिन टाकलं तरी तो आखडतो. उंदराच्या श्वासपटलात हे असं सहज दिसत नाही.

आता बघा. विष टाकल्यावर मज्जातंतूच्या झटक्याने हिसका येत नाही, पण बाहेरून टाकलेल्या ॲसिटिलकोलिनने स्नायू आखडतो. म्हणजे कुलपं शाबूत आहेत आणि मज्जातंतूकडून किल्लीच येत नाहीये. उलट ॲसिटिलकोलिन टाकूनही काही झालं नाही, तर कुलपंच अडली आहेत. नागाचं विष मुख्यतः कुलपं अडवतं. मण्यारीच्या विषात दोन्ही प्रकार असतात, पण मज्जातंतूचं टोकच निकामी करणारा भाग जास्त घातक ठरतो.

त्यामुळे निओस्टिग्मिन हे औषध, जे ॲसिटिलकोलिनचे तुकडे होऊ देत नाही, नागदंशात उपयोगी पडू शकतं. मण्यारीच्या दंशात त्यावर विसंबता येत नाही. किल्ल्याच येत नसतील तर त्या टिकवून काय होणार? तिथे मज्जातंतूची टोकं पुन्हा सावरेपर्यंत, कधी कधी कित्येक दिवस, पेशंटला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं.

मण्यारीचा गंभीर दंश झालेला माणूस डोळे उघडत नाही, बाहुल्या प्रतिसाद देत नाहीत, हातपाय हलत नाहीत. तो मेंदूमृत वाटू शकतो. पण आतून तो शुद्धीवर असू शकतो, आजूबाजूचं बोलणं ऐकत असू शकतो. बर्नारचा बेडूकच हा, फक्त त्याला झाडायला मागचे पायही उरलेले नाहीत.

मग प्राण्याला दुखतंय हे कळतं कसं?

बर्नार यांच्यानंतरच्या काळात युरोपात अनेक प्रयोगशाळांत क्युरारे दिलेल्या, पण भूल न दिलेल्या प्राण्यांवर चिरफाड होत असे. प्राणी शांत पडून राहायचा, काम सोपं व्हायचं. यावरून लोक संतापले. ब्रिटनने १८७६ साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा केला, त्यात स्पष्ट लिहिलं की क्युरारे हे भुलीचं औषध मानलं जाणार नाही. खुद्द बर्नार यांच्या पत्नी त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या आणि अशा प्रयोगांच्या विरोधात उभ्या राहिल्या.

तरी क्युरारेने मेंदूही थोडा सुस्त होतो का, ही शंका डॉक्टरांमध्ये उरली होती. ती १९४७ साली अमेरिकेतल्या युटामधले भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी मिटवली. त्यांनी स्वतःला भुलीशिवाय हे औषध टोचून घेतलं, श्वास थांबवायला लागतो त्याच्या अडीच पट. सहकारी त्यांना कृत्रिम श्वास देत होते. अंमल उतरल्यावर स्मिथ यांनी सांगितलं की सगळा वेळ ते पूर्ण शुद्धीत होते, सगळं ऐकू येत होतं, सगळं जाणवत होतं.

म्हणूनच आजचे नियम कडक आहेत. जिवंत प्राण्यावर असं औषध वापरायचं असेल तर आधी त्याच प्रकारचं काम नुसत्या भुलीवर करून भूल किती लागते हे ठरवतात. पायाच्या बोटाला चिमटा काढूनही प्राणी हलत नाही, याची खात्री झाल्यावरच स्नायूंचं औषध. ते दिल्यानंतर चिमट्याचा उपयोग संपतो, मग हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि शक्य तिथे मेंदूच्या लहरी बघत राहायच्या. ठोके किंवा रक्तदाब एकदम चढला तर भूल कमी पडतेय असं धरून ती वाढवायची. श्वास अर्थातच मशीनने द्यावा लागतो. माझ्या मते इथे सगळं भूल देणाऱ्या माणसाच्या लक्षावर अवलंबून आहे, कारण प्राण्याकडून दाद मागितली जाणारच नाही.

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात शस्त्रक्रियेचे प्रयोग शक्य तोवर पुरेशी भूल देऊनच करावेत असं म्हटलं आहे. प्रयोगाआधी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरीही लागते.

प्राण्यांशिवाय जमेल का?

काही ठिकाणी जमायला लागलंय. बोटॉक्स हेही मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन बाहेर पडू न देणारं विषच आहे. त्याच्या प्रत्येक घाण्याची ताकद तपासायला उंदरांना टोचून निम्मे उंदीर किती डोसला मरतात ते मोजायचे. लकवा चढत जाऊन श्वास कोंडायचा, आणि तोही भुलीशिवाय. २०११ साली अमेरिकेच्या एफडीएने बोटॉक्स बनवणाऱ्या ॲलर्गन कंपनीची पेशींवर आधारलेली चाचणी मंजूर केली, त्यानंतर इतर कंपन्याही त्या दिशेने गेल्या. आपल्या मेडिकल कॉलेजांमधल्या बेडकांच्या प्रॅक्टिकलची जागाही बऱ्याच अंशी कॉम्प्युटरने घेतली आहे.

पण नव्या औषधाचा पूर्ण शरीरावर काय परिणाम होतो, ते यकृतातून आणि मूत्रपिंडातून कसं बाहेर पडतं, हे पेशींच्या डबीत दिसत नाही. रोक्युरोनियमला रक्तातच पकडून त्याचा अंमल उतरवणारं सुगामाडेक्स हे औषध युरोपात २००८ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं. त्याच्या सुरुवातीच्या चाचण्या उंदराच्या श्वासपटलावर झाल्या आणि मग भूल दिलेल्या माकडांवर. पहिल्या प्रयोगात स्नायू द्रावणात टांगलेला होता. दुसऱ्यात माकडाच्या मज्जातंतूला चार झटके देऊन चौथा हिसका परत येईपर्यंतची मिनिटं मोजली गेली.